आखरी हात

भीमराजला खैरमाळच्या शाळेतून काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की पोरगा लबाड होता. आठ दिवसांचं काम मिळणार होतं. दुपारी लेकरांच्या पंगतीला शेवटी बसून अनुसयाबाईच्या हातची खिचडी मिळणार होती. आणि सगळ्यात मोठी मिळकत म्हणजे भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, वीतभर जागा. तिथं तो लिहिणार होता 'भीमराज आर्ट्स, आखाडा बाळापूर' आणि त्याखाली मोबाइल नंबर. हा नंबर रस्त्यानं जाणाऱ्याला जागोजाग भेटायचा. खताच्या दुकानावर, रसवंतीवर, तीन ब्युटी पार्लरांवर, एका दाताच्या दवाखान्यावर. पोरगा सत्तावीस वर्षांचा, नंबर अर्ध्या जिल्ह्याच्या डोळ्यांसमोर, आणि तरी एकाही पोरीनं तो कामाशिवाय कधी लावला नव्हता. हे त्याची आई सांगायची. हसून नाही, काळजीनं.

म्हणजे यात प्रेम कुठंच नव्हतं. प्रेम बसनं आलं.

जानेवारीतली सकाळ. कनेरगाव नाक्यावर लाल बस थांबली आणि एक पोरगी पाठीवर पोतं घेऊन उतरली. खांद्याला पर्स, डोळ्यांवर चष्मा आणि पाठीवर पोतं हे गणित नाक्यावरच्या कुणालाच सुटेना. त्यात पोत्यानंही दगा दिला. शिवण उसवली, आणि ढाब्यासमोरच्या डांबरावर कोळसे घरंगळत गेले. एक कोळसा भीमराजच्या मोटरसायकलच्या चाकाशी येऊन थांबला.

भीमराजनं तो उचलला. गाडीला आडवी घोडी बांधलेली — रंगाऱ्याची लाकडी घोडी — आणि हॅण्डलला डबे लटकलेले.

"इस्त्रीचं दुकान टाकून राहिले का, मॅडम?"

"शाळेत चालले." ती वाकून कोळसे वेचत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

"शाळेत कोळसा? खिचडीला तर गॅस हाय आता."

"चित्रं काढायला."

भीमराज हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की ती हसत नाहीये. कोळशानं काळ्या झालेल्या बोटांनी तिनं चष्मा वर सरकवला, आणि नाकावर एक ठसठशीत काळी रेघ उमटली… अगदी सरळ. रंगाऱ्याची नजर. रेघ सरळ आली की त्याचा जीव तिथंच अडकतो.

"कोणत्या शाळेत?"

"खैरमाळ."

"आमी बी तिकडंच. चित्रंच काढायला." त्यानं घोडीकडं बोट दाखवलं. "बसा म्हणलो असतो, पण घोडी आधीच बसली हाय."

"मग घोडीलाच न्या," ती म्हणाली, "पोतं तेवढं ठेवा तिच्या मांडीवर. मी येते चालत."

तीन किलोमीटर ती चालत गेली. आणि भीमराज? तोही गाडी ढकलत चालत गेला. पेट्रोल संपलं म्हणाला. पेट्रोल संपलं नव्हतं.

तिचं नाव शीतल. वसमतची. घरी आई रूपाबाई, बाबा गेल्यानंतर शिवणयंत्रावर घर ओढणारी. शीतलनं चित्रकलेची पदविका घेतली आणि एका संस्थेत लागली. ही संस्था सरकारी शाळांत चित्र, माती, गाणं, नाटक यांतून शिकवण्याचा उद्योग करायची. ज्या शाळांत चित्रकलेचा तास वेळापत्रकात असतो आणि वर्गात नसतो, अशा पाच शाळा तिच्याकडं होत्या. खैरमाळला मंगळवार आणि शुक्रवार. चार वर्ग, दोन खोल्या, दोन गुरुजी, आणि सगळ्या शाळेत मिळून रंगपेटी एक. तीही कपाटात, कुलपात, पाहुण्यांना दाखवायला.

तिला काय मिळणार होतं तेही सांगतो. फेब्रुवारीअखेर पुण्याहून एक बाई पाहणीला येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर या शाळांचं काम आणखी तीन वर्षं चालणार, आणि शीतल वसमतलाच राहणार. नाही म्हटलं तर संस्था तिला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवणार. एवढं सरळ होतं.

हेडमास्तर सुदाम गुरुजींना निवृत्तीआधी तालुक्याच्या 'सुंदर शाळा' स्पर्धेत एक प्रशस्तिपत्र हवं होतं. म्हणून भीमराज. त्यांनी वाटणी करून दिली. रस्त्याकडची भिंत पेंटरची. नळाकडची लांब भिंत मॅडमची आणि लेकरांची. दोन्ही भिंतींना पांढरा हात मात्र भीमराजनं द्यायचा.

पहिल्याच शुक्रवारी घोडीखाली शीतल येऊन उभी राहिली.

"पेंटर, हे पिवळं काय हाय?"

"ईडलिंबू. ई ईडलिंबूचा."

"कसं लागतं चवीला?"

भीमराजचा ब्रश थांबला. नऊ शाळांत त्यानं ईडलिंबू काढलं होतं. कुणी चव विचारली नव्हती.

"आंबट… असंल."

"असंल?"

"लिंबूच म्हणल्यावर… तुमी खाल्लं का, मॅडम?"

"न्हाई ना! म्हणून तर विचारून राहिले. जो काढतो त्यानं न्हाई खाल्लं, जी शिकवते तिनं न्हाई खाल्लं, लेकरांनी तर पाहिलंबी न्हाई. आणि भिंतीवर हे एवढं थोरलं!"

"मंग काय काढू? पुसू का?"

"पुसू नका. असू द्या. बिचाऱ्या ईडलिंबाला भिंतीशिवाय जागा कुठं हाय?"

ती गेली. भीमराज त्या पिवळ्या गोळ्याकडं बराच वेळ बघत बसला. पंगतीला खिचडी गार झाली.

त्यानंतर रस्त्याकडच्या भिंतीचं कामच मंदावलं. ईडलिंबाला एक दिवस लागला होता. उखळाला तीन लागले. ऋषीपाशी तर अक्षरं थांबलीच. मंगळवारी दाढीचा एक केस, शुक्रवारी दुसरा. खिचडीचं पातेलं घासता घासता अनुसयाबाई ओरडून म्हणायच्या, "पेंटर, ऋषी म्हातारा होऊन मरायला टेकला रे! तुजं ए-ऐ कवा यायचं?"

"दाढीचं काम बारीक असतं, मावशी."

"व्हय व्हय. बारीकच काम चालू हाय तुजं. दिसून राहिलं मला."

नळाकडच्या भिंतीचं काम वेगळंच होतं. शीतलनं लेकरांना सांगितलं होतं, रंग घरून आणायचा. कुणी हळद आणली, कुणी गेरू, कुणी शेवग्याचा पाला ठेचून, कुणी आजीच्या लुगड्याची नीळ. पळस फुलला तशी फुलं आली, आणि ती उकळून केशरी पाणी झालं. सगळ्या शाळेला हळदीचा आणि ओल्या चुन्याचा वास सुटला. आणि तिचा एकच नियम होता. तो तिनं पहिल्याच दिवशी गुरुजींना, अनुसयाबाईंना आणि घोडीवरच्या पेंटरला ऐकू जाईल असा सांगितला होता: लेकराच्या चित्राला मोठ्या माणसानं हात लावायचा नाही. वाकडं असलं तरी. वाकडं असलं तर मुळीच नाही.

भीमराजनं तिला रंगाऱ्याची रेघ शिकवली. निळीत बुडवलेला दोरा दोघांनी दोन टोकांना धरायचा, ताणायचा, मधे टिचकी मारायची — टक्! — की भिंतीवर निळी रेघ. दोरा ताणलेला असताना मधे पंधरा फूट अंतर होतं. तरी तिनं बोट हलवलं की त्याच्या बोटाला कळायचं.

"ढील सोडू नका, मॅडम."

"मी कुठं सोडली? तुमीच ओढून राहिले."

"मी ओढून राहिलो… व्हय, ते बराबर."

आणि तिनं त्याला काय शिकवलं? डाव्या हातानं काढायला. "एक शेळी काढा. बघून न्हाई, मनानं. आणि सरळ आली तर मी फाडणार."

त्यानं काढली. शेळी खाटेसारखी आली. चार पाय, वर फळी, एका कोपऱ्यात शेपूट. शीतल इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. भीमराजचे कान तांबडे झाले. आठ वर्षं महेबूब उस्तादांच्या हाताखाली काढलेली. रेघ हलली की बोटांवर पट्टी बसायची.

"द्या इकडं, चुरगाळून टाकतो."

"अं हं." तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "ही पहिली रेघ हाय तुमची. बाकी समद्या उस्तादांच्या."

मग त्यानं तिला उस्तादांची गोष्ट सांगितली. बाळापूरच्या बाजारात त्यांचं दुकान. तिथं रीत अशी, की शागिर्दानं रंग भरायचा आणि शेवटी उस्तादानं काळ्या रेघेनं सगळं बांधून घ्यायचं. त्याला म्हणायचे आखरी हात. आखरी हात दिल्याशिवाय पाटी दुकानाबाहेर जायची नाही. कच्चं काम चार माणसांत सोडणं म्हणजे शागिर्दाची अब्रू घालवणं. "मी पहिली पाटी एकट्यानं केली तवा उस्ताद आजारी. हात कापायचे. तरी उठून बसले, अन् माझ्या पाटीला आखरी हात दिला. बोलले काहीच न्हाई. तेवढंच. मला रडू आलं, मॅडम."

शीतल ऐकत होती. म्हणाली, "किती छान…"

हे शब्द लक्षात असू द्या. भीमराजच्या लक्षात राहिले.

चौथीत उझ्मा नावाची पोरगी होती. वर्गात बोलायची नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. तिची आई वसमतला हळदीच्या कामावर जायची, गड्डे फोडायची, साफ करायची. दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि गेली. आता उझ्मा आणि तिची दादी अख्तरीबी, दोघीच. घरात आईचा एकही फोटो नाही.

उझ्मानं नळाकडच्या भिंतीवर आई काढली. एवढीशी बाई, आणि तिचे हात दाराएवढे. दोन्ही हात पिवळेधमक, हळदीनं भरलेले, बोटं जाड, एक बोट वाकडं. वर डोक्याच्या जागी नुसता पांढरा गोल.

शीतल तिच्याजवळ उकिडवी बसली. "चेहरा काढायचा राहिला का गं?"

उझ्मानं मान हलवली. मग, जानेवारीपासून पहिल्यांदा, बोलली. "चेहरा याद नै, मॅडम. हात याद हैं."

घोडीवर ऋषीची दाढी काढणाऱ्या माणसानंही ते ऐकलं. शीतलनं उठून नळावर जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

त्यानंतरच्या मंगळवारी भर दुपारी अवकाळी आलं. सगळं गाव वाळत घातलेल्या हळदीवर ताडपत्र्या ओढायला पळालं. गुरुजीही पळाले, त्यांची हळद माळावर होती. वऱ्हांड्यात लेकरांची ओली चित्रं छातीशी धरून शीतल उभी, आणि भिजू नयेत म्हणून आपली ताडपत्री दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरून भीमराज. पन्हाळीतून पाणी भीमराजच्या मानेवर पडत होतं. तो हलला नाही.

"तुमचा नंबर भिंतीवर असतो ते बरं हाय," ती म्हणाली.

"काहून?"

"मागायला लाजावं लागत न्हाई."

पाणी मानेवरून पाठीत उतरलं. "मंग… लावत काहून न्हाई?"

"कामाशिवाय कसा लावायचा?"

"काम काढा की. भिंती लई हायेत."

ती हसली. मग हसू ओसरलं. "शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बाई येणार. त्यांनी हो म्हणलं की तीन वर्षं मी इथंच. मग त्या रविवारी तुमी वसमतला या. आई म्हणत होती, कोण हाय तो पेंटर, ज्याचं नाव दर शुक्रवारी निघतं…"

"अन् न्हाई म्हणल्या तर?"

"मग नंदुरबार." तिनं चित्रं छातीशी आणखी घट्ट धरली. "आईनं एवढ्या लांब पाठवायचं कसंबसं कबूल केलंय. नोकरीवर घर हाय, भीमराज."

पहिल्यांदा ती 'पेंटर' म्हणाली नाही. पाऊस थांबला तरी त्यानं ताडपत्री खाली घेतली नाही. अनुसयाबाईंनीच शेवटी हाक मारली, "अरे, ऊन पडलं की!" त्या रात्री त्याच्या मोबाइलवर तिचा एक मिसकॉल आला; नंबर त्यानं जपून ठेवला.

शिवरात्रीला शाळा बंद. सगळं गाव औंढ्याच्या यात्रेला गेलेलं, गुरुजी, अनुसयाबाई, लेकरं, सगळे. भीमराज सकाळी एकटाच आला. ऋषीनंतरची अक्षरं एका दमात पुरी केली आणि कोपऱ्यात नाव-नंबर टाकला. मग डबा सोडून तो नळाकडच्या भिंतीसमोर भाकरी खायला बसला.

आणि त्यानं ती भिंत उद्याच्या पाहुण्याच्या डोळ्यांनी बघितली.

बैल होता, पण पाच पायांचा. विहीर कललेली. अवकाळीनं पळसाचं केशरी खाली ओघळलेलं. माणसांना माना नाहीत. आणि मधोमध डोक्याजागी पांढरा गोल असलेली ती बाई. पुण्याच्या बाई हे बघणार… आणि यावर शीतलची तीन वर्षं ठरणार.

नियम त्याला आठवला नाही असं नाही. आठवला. पण लेकरांचं काम तर झालंच होतं. काढताना कुणी हात लावला नव्हता. आता राहिला होता तो आखरी हात. तो उस्ताद स्वतः उठून देतात, बोलल्याशिवाय देतात, आणि त्यावर 'किती छान' म्हणणारी एकच पोरगी त्याला भेटली होती. रंगाऱ्याजवळ याहून मोठं द्यायला काही नसतं. त्यानं काळ्या रंगाचा डबा उघडला.

पाचवा पाय पांढऱ्यात मिटवला. विहीर सरळ केली. ओघळ पुसले. माणसांना माना दिल्या. मग तो त्या बाईपाशी आला. हात मापात आणले, बोटं निमुळती केली, बांगड्या घातल्या. आणि पांढऱ्या गोलात चेहरा काढायला घेतला. ब्युटी पार्लरच्या पाट्यांवर तो एकच चेहरा काढायचा, डोळे मिटून काढायचा. त्या दिवशी हात तिकडं गेला नाही. कपाळ आलं, भुवया आल्या, खालचा ओठ किंचित पुढं आला… त्याला वाटलं, कुणातरी बाईचा चेहरा येतोय, बरा येतोय.

ऊन कलताना त्यानं ब्रश धुतले. इतकं चांगलं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. हेही खरंच आहे. त्याच्या बाजूला मांडायला हवं.

सकाळी जीप आली. शीतल पुढं उतरली, बाईंना बोलत बोलत भिंतीच्या कोपऱ्यावरून वळली, आणि तिचं वाक्य मधेच तुटलं.

गुरुजी खूश. "बघा बाई, आमची लेकरं!" कडुलिंबाखाली इस्त्रीचा पांढरा सदरा घालून भीमराज उभा होता. तो भिंतीकडं नाही, शीतलच्या तोंडाकडं बघत होता. आता हसेल, आता हसेल…

लेकरं आली. मग कुणीतरी खिदळलं, "ये, ही तर मॅडम हाय! चष्मा न्हाई घातला बस!" आणि सगळी शाळा हसली. मॅडम, मॅडम! भीमराजनं तेव्हा वळून बघितलं, आणि आपण काल काय काढलं ते त्याला सगळ्या गावासोबत कळलं. माणसं एका मुलीला जे कानात सांगतात, ते त्यानं वीस फुटी भिंतीवर, दुसऱ्याच्या मेलेल्या आईच्या मानेवर लिहून ठेवलं होतं.

पुण्याच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेका लेकराला विचारलं, तुझं चित्र कुठलं? एक पोरगा बैलाजवळ गेला, पाय मोजले, परत मोजले, आणि गोंधळून मागं फिरला. मग त्यांनी उझ्माला विचारलं. उझ्मा भिंतीपाशी गेली. बांगड्यांवर बोट ठेवलं. निमुळत्या बोटांवरून बोट फिरवलं. सावकाश, अक्षर लावून वाचतात तसं. कुठंतरी ते वाकडं बोट शोधत असावी.

"मेरा नै है," ती म्हणाली. आणि जाऊन रांगेत बसली.

बाई शीतलकडं वळल्या. "यावर मोठ्या माणसाचा हात आहे ना?"

शीतलनं लिंबाकडं एकदा बघितलं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण त्या वाक्यानंतर भीमराजला जिल्ह्यात कुठल्या शाळेनं भिंत दिली असती? "हो," ती म्हणाली. "इथली जबाबदारी माझी आहे."

"न्हाई बाई!" भीमराज पुढं आला. "म्या केलं. काल, सुट्टीत. मॅडमला ठावबी न्हाई. लिहायचं तर माझं नाव लिहा."

बाई त्याच्याकडं वळल्या. आवाजात राग नव्हता. "काम सुंदर आहे तुमचं. मी ते बघायला आले नव्हते."

आठ दिवसांनी निरोप आला. नंदुरबार.

नाक्यावर, त्याच ढाब्यासमोर, वाशिमकडची बस यायला उशीर होता. शीतल शेवटच्या शाळेचं सामान आवरून निघाली होती. भीमराज गाडी स्टँडवर लावून उभा. आज घोडी आणली नव्हती.

"पांढरी करून देतो भिंत. आजच्या आज."

"भिंत होईल हो पांढरी."

"लई चुकलो मी."

"मला ठाव हाय तुमी काहून केलं. म्हणून तर पुरता रागबी येईना." ती रस्त्याकडं बघत होती. "तुमचा नंबर समद्या जिल्ह्याजवळ हाय. माझा फक्त तुमच्याजवळ होता. एक फोन करायचा. 'शीतल, हे असं करू का?' एवढंच."

"तुमी न्हाई म्हणल्या असत्या."

"व्हय. न्हाई म्हणले असते."

उसाचा एक ट्रॅक्टर धडधडत गेला.

"मी नंदुरबारला येतो," भीमराज म्हणाला. "भिंती तिकडंबी असतीलच की."

तिच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच राहिलं. "भीमराज, माझ्यात लई वाकडं हाय. आईला विचारा. उद्या माझं काही वाकडं दिसलं, की तुमी मायेनं त्याच्यावर हात फिरवाल. न विचारता. चांगलंच करून द्याल. आणि मी एक दिवस स्वतःला भिंतीवर हुडकत फिरंन… त्या पोरीसारखी."

"न्हाई करणार तसं."

"उस्तादांनी शिकवलेलं हाय तुमाला. हातात मुरलंय." तिनं त्याच्या हाताकडं बघितलं. पहिल्यांदा, आणि शेवटचंच, तिनं तो हात धरला. उजवा नाही, डावा. बस येईपर्यंत धरला. "मला तुमी आवडता," ती म्हणाली. "हे सांगायचं राहून गेलं असतं तर तेबी कच्चं काम राहिलं असतं."

बस आली. खाटेसारखी शेळी तिनं मागे दिली नाही. त्यानंही मागितली नाही.

एप्रिलात, सकाळच्या शाळेत, भीमराज खैरमाळला आला. नळाकडची भिंत पांढरी त्यानं मार्चमध्येच केली होती. आज त्यानं वाटीत हळद कालवली, ब्रश डाव्या हातात घेतला आणि भिंतीच्या मधोमध दोन हात काढायला बसला. दाराएवढे. आठवून आठवून. बोटं जाड, एक वाकडं. डावा हात थरथरत होता, आणि त्यानं थरथरू दिला.

सुट्टीत उझ्मा आली. मागं उभी राहिली.

"असेच होते ना गं? बघ. कुठलं बोट वाकडं होतं? तू सांग, नाहीतर… हा घे ब्रश. तूच काढ. मी हात लावत न्हाई."

उझ्मानं ब्रश घेतला नाही.

"मालूम नै, काका." राग नव्हता तिच्या आवाजात. विचारलं म्हणून सांगत होती. "अब अम्मी को याद करी तो मॅडमच दिखती."

घंटा झाली. ती वर्गात गेली.

भीमराजनं ते दोन हात पुन्हा पांढऱ्यात मिटवले. जाताना रस्त्याकडच्या भिंतीपाशी थांबला आणि कोपऱ्यातलं नाव, नंबर, गाव, सगळं पुसून टाकलं. ती भिंत अजून तशीच आहे. ई ईडलिंबूचा, आणि काढणारा कोण, ते कुणाला ठाऊक नाही.

सुदाम गुरुजींना रस्त्याकडच्या भिंतीबद्दल तालुक्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते ऑफिसात लावलंय. पुण्याच्या बाईंना अहवालात लिहायला एक चांगला परिच्छेद मिळाला. शीतलला नंदुरबार मिळालं, आणि पर्समध्ये एक शेळी. भीमराजला कामं मिळतात, पण तो आता माणसं काढत नाही, नुसती अक्षरं काढतो. आणि फोन वाजला की अजून आधी हात पुसतो. खैरमाळच्या लेकरांचे मंगळवार आणि शुक्रवार गेले, पण ती लेकरं आहेत, दुसऱ्या खेळाला लागली.

या सगळ्यातून उझ्माला काहीच मिळणार नव्हतं. तिनं कुणाकडं काही मागितलंही नव्हतं. तिच्याजवळ आईचे दोन हात होते. तेवढेच गेले.